कुत्र्याच्या तोंडाचा वास आणि घरचा पुदिन्याचा खाऊ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा पाळणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे. पिल्लं, म्हातारी कुत्री, आजारी कुत्री, खाजेची तक्रार असलेली कुत्री यांच्याबद्दल पुढे वेगवेगळे प्रश्न आहेत. तुमच्या कुत्र्याला कुठलंही औषध चालू असेल, तर कृतीकडे वळण्याआधी प्रश्न १५ वाचा.

१. घरचा खाऊ दिला की तोंडाचा वास खरंच जातो का?

थोडा वेळ कमी होतो, जात नाही. वास येतो तो दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या फटीतून. तिथले जिवाणू अन्नाच्या कणांमधली आणि लाळेतली प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. पुदिना-कोथिंबिरीने त्या वायूंचा वास तेवढ्यापुरता झाकला जातो, जिवाणू तिथेच राहतात. त्यांचा चिकट थर काही दिवसांतच घट्ट होऊन पिवळं-तपकिरी कीटण बनतं. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते, त्यामुळे त्याच्या दातांवर हे फार लवकर होतं. एकदा कीटण धरलं की ते कुठल्याही खाऊने निघत नाही.

मग खाऊ करायचाच कशाला? माझ्या दृष्टीने दोन कारणं आहेत. एक, दात घासून घेतल्यावर लगेच मिळणारं बक्षीस म्हणून तो फार उपयोगी पडतो. दोन, आपल्याकडे चहाबरोबर कुत्र्याला ग्लुकोजची बिस्किटं द्यायची जी सवय आहे, तिची जागा तो घेतो. मैदा, साखर आणि पामतेलाच्या त्या बिस्किटांनी दातांचं किंवा वजनाचं काहीच भलं होत नाही.

२. कुत्र्याच्या तोंडाला थोडा वास असायचाच ना? किती झाला की काळजी करायची?

जेवणानंतर अन्नाचा हलका वास येणं ठीक आहे. पण कुत्रा शेजारी येऊन बसला आणि तुम्ही तोंड फिरवलंत, तर तो वास साधा नाही. ओठ वर उचलून मागच्या वरच्या दाढा बघा, कीटण सगळ्यात आधी तिथे दिसतं. हिरडीची कड गुलाबी असायला हवी (काही कुत्र्यांच्या हिरड्यांना मुळातच काळा रंग असतो, ते ठीक). ती लालभडक किंवा सुजलेली असेल, हात लावताच रक्त येत असेल, कुत्रा एकाच बाजूने चावत असेल, पंजाने तोंड चोळत असेल किंवा लाळ गळत असेल, तर खाऊ बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहाउंड अशा छोट्या जातींत दात दाटीवाटीने असतात, म्हणून त्यांचं तोंड जास्त वेळा तपासा. वास ‘घाण’ नसून वेगळाच असेल तर प्रश्न १९ पाहा.

३. नेमकी कृती सांगा. प्रमाणासकट.

साधे ओट्स मिक्सरमधून फिरवून केलेलं पीठ १२० ग्रॅम (साधारण दीड वाटी), एक अंडं, दोन मोठे चमचे घट्ट गोड दही (साखर नसलेलं, फक्त आंबट न झालेलं), बारीक चिरलेला पुदिना दोन मोठे चमचे, बारीक चिरलेली कोथिंबीर दोन मोठे चमचे, खायचं खोबरेल तेल एक छोटा चमचा. मीठ, साखर, सोडा काहीही नाही.

पुदिन्याची फक्त पानं घ्या आणि मिठाच्या पाण्यात नाही, साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुवा. पाणी नीट निथळू द्या, नाहीतर पीठ सैल होतं. सगळं एकत्र करून भाकरीच्या पिठाइतपत मळा. ओट्स पाणी हळूहळू ओढतात, म्हणून झाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि मगच ठरवा की चमचाभर पाणी हवं की चमचाभर पीठ. बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीची पोळी लाटा आणि सुरीने शंकरपाळ्यांसारखे साठ तुकडे पाडा. ओव्हन १६० अंशांवर तापवून पंचवीस मिनिटं भाजा. मग ओव्हन बंद करा, पण ट्रे अर्धा तास आतच राहू द्या. खुसखुशीतपणा या अर्ध्या तासात येतो.

साठ तुकडे पाडायचा आग्रह अशासाठी की सगळ्या घाण्याच्या मिळून साधारण सहाशे कॅलरी होतात, म्हणजे एका तुकड्याच्या दहा. पुढचा हिशेब (प्रश्न ९) त्यामुळे तोंडी करता येतो.

४. आमच्याकडे ओव्हन नाही. तव्यावर जमेल का?

तव्यावर बाहेरून करपतात आणि आत ओले राहतात. त्यापेक्षा जाड बुडाची कढई घ्या. तळाशी स्टँड ठेवा, झाकण घालून मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, मग तुकड्यांची ताटली आत ठेवून झाकून तीस ते पस्तीस मिनिटं भाजा. मध्ये एकदा उलटा. झाकणाला पाणी सुटलं तर पुसून घ्या.

दुसरा मार्ग वाफवण्याचा. हेच पीठ थोडं सैल करून इडलीपात्रात पंधरा मिनिटं वाफवा आणि गार झाल्यावर कापा. हे तुकडे मऊ होतात, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्यांना फार आवडतात. पण फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच टिकतात.

५. परदेशी कृतींमध्ये पार्सली सांगतात, ती मिळत नाही. कोथिंबीर चालेल? तुळस? कुंडीतला पानओवा?

कोथिंबीर निर्धास्त वापरा. पार्सलीसाठी मॉलमध्ये जायची गरज नाही.

पुदिना थोडाच हवा. वरच्या प्रमाणात साठ तुकड्यांत मिळून दोन चमचे येतो, तो ठीक आहे. जुडीभर पुदिना घातला की जास्त ताजेपणा येईल असं वाटतं, पण जास्त पुदिन्याने उलट्या-जुलाब होतात. पुदिन्याचं तेल, अर्क, पेपरमिंटचे खडे किंवा पानातली ‘थंडक’ यांतलं काहीही घालू नका. ती फार तीव्र असतात. तुळशीचं एखादं पान कुत्र्याने अंगणात खाल्लं तर घाबरू नका, पण खाऊत मुद्दाम घालण्याची गरज नाही.

पानओवा मात्र नको. त्याच्या जाडसर, लवदार पानांचा वास ओव्यासारखा येतो आणि आपण त्याची भजी करतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. कुत्र्यांच्या बाबतीत तो विषारी वनस्पतींमध्ये मोडतो आणि त्याने उलट्या-जुलाब होऊन कुत्रा मलूल होतो. कुंडी कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असेल तर जागा बदला.

६. बडीशेप, वेलची, लवंग, दालचिनी? माणसांना चालतं, मग त्यांना का नाही?

भाजून कुटलेली बडीशेप पाव छोटा चमचा, सगळ्या घाण्यात मिळून, एवढी चालते. लवंग नको, तिच्यातलं युजेनॉल तोंडाच्या आतल्या त्वचेला झोंबतं आणि तेलाच्या रूपात यकृतालाही त्रास देतं. जायफळ अजिबात नको. वेलची-दालचिनीने या कामात विशेष काही साधत नाही, सोडून द्या.

मुखवासाचा डबा कुत्र्यापासून लांबच ठेवा. रंगीत बडीशेपेवर साखरेचा थर असतो, काही मुखवासांत सुपारी असते. सुपारीतलं ॲरेकोलीन पूर्वी कुत्र्यांना पट्टकृमी पाडण्यासाठी औषध म्हणून देत असत. ते इतकं जोरदार काम करायचं की लाळ, उलट्या, जुलाब यांनी कुत्रा हैराण व्हायचा. पुढे सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं. कापराची वडीसुद्धा विषच आहे.

७. चवीसाठी पीनट बटर, मध किंवा गूळ घातला तर?

मध आणि गूळ नको. ज्या जिवाणूंशी आपलं भांडण आहे, त्यांना गोड खाऊ घालून काय मिळणार?

पीनट बटर एक चमचा चालेल, पण बरणीवरची घटकांची यादी आधी वाचा. शेंगदाणे आणि फार तर मीठ, एवढंच हवं. ‘शुगर फ्री’ पदार्थांत जायलिटॉल हा गोडवा असू शकतो, यादीत तो ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ असाही लिहिलेला असतो. माणसाला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन एकदम उसळतं, अर्ध्या-एक तासात साखर धोकादायक पातळीवर उतरते, झटके येऊ शकतात आणि जास्त प्रमाणात गेलं तर यकृत निकामी होतं. शुगर फ्री च्युइंगम, माउथवॉश, माणसांची टूथपेस्ट यांतही ते असतं. पर्समधलं च्युइंगमचं पाकीट कुत्र्याने फस्त केलं असेल, तर लक्षणं दिसायची वाट न बघता पाकीट हातात घेऊन दवाखान्यात पळा. घरी दाणे भाजून मिक्सरमधून काढलेलं कूट सगळ्यात बरं.

८. वेगळं काही करण्यापेक्षा उरलेल्या पोळी-आमटीत पुदिना कालवला तर? किंवा पुदिन्याची चटणीच दिली तर?

नको. आमटीत कांदा-लसूण आणि चिंच असते, चटणीत लसूण, मिरची, मीठ. कांदा आणि लसूण कच्चे असोत, शिजलेले असोत किंवा पूड केलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. अशक्तपणा काही दिवसांनी दिसतो, म्हणून खाण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. ‘लसूण दिली की गोचीड लागत नाही’ हा सल्ला अजूनही फिरतो, तो कृपा करून पुढे पाठवू नका. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडवतात, त्यामागे हेच आम्ल असावं असं आता मानलं जातं.

९. दिवसाला किती तुकडे द्यायचे?

सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा पशुवैद्यकात सर्वमान्य असलेला नियम. पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण पावणेचारशे कॅलरी लागतात, म्हणजे जास्तीत जास्त तीन तुकडे. दहा किलोच्या कुत्र्याला सहा. पंचवीस किलोच्या लॅब्रॅडोरला हिशेबाने बारा बसतात, पण ही जात लठ्ठपणाकडे झुकते, म्हणून सहावर थांबा. घरात आजी पोळीचा तुकडा टाकत असतील, मुलं चीज देत असतील, तर तेही याच दहा टक्क्यांत धरायचं. सकाळी दिवसभराचे तुकडे एका वाटीत काढून ठेवा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला. घरातल्या सगळ्यांना हे पाळणं सोपं जातं.

१०. आमच्या घरात अंडं येत नाही.

अंड्याऐवजी अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा घ्या आणि दही एक चमचा करा. पीठ चांगलं मिळून येतं. ओट्सऐवजी निम्मं नाचणीचं पीठ चालतं, मात्र तुकडे जरा जास्त कडक होतात.

११. बिस्किट कडक केलं किंवा हाड दिलं, तर चावून चावून दात साफ होतील ना?

बिस्किट दाताच्या टोकाशीच फुटतं. हिरडीच्या कडेपर्यंत, जिथे खरी घाण आहे, ते पोचतच नाही. दात ज्यात रुतून बाहेर येईल असा चिवट पदार्थ घासण्याचं काम करतो. म्हणून सोललेल्या गाजराची बोटभर लांब काडी बिस्किटापेक्षा सरस. अधाशासारखं गिळणाऱ्या कुत्र्याला मात्र गाजर किसूनच द्या, घशात अडकतं.

हाडांबाबत माझं मत ठाम आहे. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या अणकुचीदार कपच्या होऊन आतडं फाटू शकतं. कच्चं जाड नळीचं हाड, हरणाचं शिंग, दगडासारखी कडक याकच्या दुधाची छुर्पी यांनी वरची मोठी दाढ उभी चिरते आणि मग ती काढावी लागते. नख दाबून पाहा. नखाचा ठसा उमटत नसेल तर ती वस्तू कुत्र्याच्या दातांसाठी फार कडक आहे. बर्फाचे मोठे खडेही यातच आले. उन्हाळ्यात गार काही द्यायचंच असेल, तर दह्यात पुदिना कालवून ताटलीत पातळ थर गोठवा आणि जरा मऊ झाल्यावर त्याच्या चकत्या द्या.

विकतची चघळणी घेणार असाल, तर पाकिटावर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मोहोर आहे का ते पाहा. कीटण किंवा दातांवरचा थर कमी करत असल्याचा पुरावा सादर केलेल्या उत्पादनांनाच ती मिळते.

१२. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते. टिकवायचं कसं?

कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हा खाऊ बाहेर ठेवूच नका. पूर्ण गार झाल्यावर, आतून कोरडा आहे याची एक तुकडा मोडून खात्री करा आणि हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर टिकतो. बाकीचा फ्रीझरमध्ये घाला, तिथे दोन महिने चांगला राहतो. लागतील तेवढेच तुकडे आदल्या रात्री खाली काढा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळा घाणा टाका. बुरशी खरवडली तरी तिचं विष आत मुरलेलं असतं आणि काही बुरश्यांच्या विषाने कुत्र्यांना झटके येतात.

१३. पिल्लाला कधीपासून द्यावा?

दुधाचे अठ्ठावीस दात पडून कायमचे बेचाळीस यायला साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंतचा काळ जातो. या दिवसांत तोंडाला रक्ताचा, किंचित लोखंडी वास येतो. तो आपोआप जातो, त्यावर खाऊचा उपाय नको. तिसऱ्या महिन्यानंतर वाफवलेला मऊ तुकडा (प्रश्न ४) शिकवताना बक्षीस म्हणून चिमटीएवढा द्यायला हरकत नाही. सातव्या महिन्यानंतरही सुळ्यांची जोडी दिसत असेल, म्हणजे दुधाचा सुळा पडलेला नसेल आणि शेजारी नवा उगवला असेल, तर तो काढून घ्यावा लागतो. त्या फटीत अन्न अडकून वास येतो. छोट्या जातींत हे नेहमी दिसतं.

१४. आमचा कुत्रा बारा वर्षांचा आहे, दोन दात हलतात. बिस्किटं भिजवून देऊ का?

आधी दात दाखवा. हलणारा दात म्हणजे त्याच्या मुळाशी संसर्ग, आणि तो दुखतो. कुत्री दुखणं लपवतात, जेवत राहतात, म्हणून घरच्यांना वाटतं की सगळं ठीक आहे. दुखरे दात काढल्यावर म्हातारी कुत्री पुन्हा खेळायला लागतात, हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. तोपर्यंत वाफवलेले मऊ तुकडे द्या.

१५. मूत्रपिंड, मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा त्रास आहे. हा खाऊ चालेल?

डॉक्टरांना घटकांची यादी दाखवून विचारा, स्वतः ठरवू नका. मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिनं आणि फॉस्फरस मोजून द्यायचे असतात, तिथे अंडं-दही अडचणीचं ठरतं. मधुमेहात इन्सुलिन आणि जेवण यांच्या वेळा बांधलेल्या असतात, अध्येमध्ये दिलेला तुकडा साखर हलवतो. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर खोबरेल तेल आणि अंड्यातला पिवळा बलक दोन्ही वगळायचे. अशा कुत्र्याला त्याच्या ठरलेल्या जेवणातलेच चार दाणे बाजूला काढून बक्षीस म्हणून दिले तरी पुरतं.

१६. कुत्र्याला सतत खाज सुटते. ओट्स सुरक्षित ना?

कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी होते ती बहुतेक वेळा बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू यांची. ओट्सबद्दल तक्रार कमी असते, पण या कृतीत दही आहे आणि अंड्याचीही काहींना ॲलर्जी असते. प्रश्न १० मधली कृती दह्याशिवाय करा. डॉक्टरांनी चाचणीसाठी ठरावीक आहार लावला असेल, तर ते सगळे आठवडे कुठलाच खाऊ नाही. एका तुकड्याने पूर्ण चाचणी वाया जाते.

१७. कोळशाची पूड, खायचा सोडा, कडुनिंब यांनी जास्त फरक पडतो का?

सक्रिय कोळसा पोटात जाऊन औषधं शोषून घेतो, म्हणजे सकाळची गोळी फुकट. सोडा जास्त गेला तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो. कडुनिंबाचं दातवण माणसांना ठीक, कुत्र्याच्या पोटात त्याचा पाला मुद्दाम घालू नये.

१८. ब्रश दिसला की पळतो. मग खाऊवरच भागवावं लागतं.

ब्रश आठवडाभर बाजूला ठेवा. पहिले काही दिवस नुसता ओठ उचलायचा आणि लगेच तुकडा द्यायचा. मग बोटाला ओला मलमलचा कपडा गुंडाळून बाहेरच्या बाजूच्या दोन-चार दातांवरून फिरवायचा, लगेच तुकडा. मग कुत्र्यांची टूथपेस्ट नुसती चाटू द्या, तिला चिकनसारख्या चवी असतात आणि ती गिळली तरी चालते. आपली पेस्ट नको, तिच्यात फ्लोराइड आणि फेस असतो, शिवाय जायलिटॉल असू शकतं. ब्रश सगळ्यात शेवटी. दातांची आतली बाजू घासायचा हट्ट धरू नका, बाहेरची बाजू रोज झाली तरी पुष्कळ. रोज नाहीच जमलं तर दिवसाआड तरी घासाच, त्याहून जास्त खंड पडला की थर घट्ट होतो.

पुदिन्याचा तुकडा घासण्याच्या आधी कधीही द्यायचा नाही, घासून झाल्यावरच. नुसता खाऊ देऊन भागवायचं म्हटलं तर प्रश्न १ मधलं कीटण वाढतच राहतं.

१९. वास सडका नाही, वेगळाच आहे. गोडसर किंवा लघवीसारखा.

गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास म्हणजे मधुमेह हाताबाहेर गेल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. लघवीचा किंवा अमोनियाचा वास, जोडीला जास्त पाणी पिणं आणि वजन उतरणं, म्हणजे मूत्रपिंडं तपासायला हवीत. माशासारखा वास बहुधा तोंडाचा नसतोच. गुदग्रंथी भरल्या की कुत्रा मागची बाजू चाटतो आणि तो वास तोंडाला लागतो. विष्ठा खायची सवय असेल तर कारण उघड आहे. आणि एकाएकी, एकाच बाजूने भयंकर वास सुरू झाला, तर टाळूत आडवी अडकलेली काडी, हाडाचा तुकडा किंवा तोंडातली गाठ यांचा शोध घ्यायला हवा. यांतल्या कशालाही पुदिना लावून झाकू नका.

२०. गल्लीतल्या कुत्र्यांनाही देते. चालेल ना?

चालेल. त्यांना दहा टक्क्यांच्या हिशेबापेक्षा पोटभर जेवण आणि स्वच्छ पाणी आधी द्या. प्रत्येकाला वेगळं आणि लांब टाका, एका तुकड्यावरून भांडणं लागतात. गल्लीतल्या एखाद्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल, आवाज बदललेला असेल, तर जवळ जाऊ नका आणि तोंड उघडून बघायचा विचारही करू नका. ही रेबीजची लक्षणं असू शकतात. पालिकेला किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवा.

२१. डॉक्टर भूल देऊन दात साफ करू म्हणतात. भुलीशिवाय करून देणारेही आहेत. आणि नंतर खाऊ कधी सुरू करू?

भुलीशिवाय फक्त दिसणारं कीटण खरवडलं जातं. दात पांढरे दिसतात, पण हिरडीखालची घाण तशीच राहते आणि आजार आत वाढत जातो. घाबरलेल्या कुत्र्याला धरून ठेवून धारदार हत्यार चालवणं धोक्याचंही आहे. भुलीत हिरडीखाली साफ करता येतं, एक्स-रे काढता येतो. आधी रक्ततपासणी करून घ्या, वय जास्त असेल तर हृदयही तपासून घ्या. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा.

नुसती सफाई झाली असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुधा एक-दोन दिवसांत, मऊ तुकडे सुरू करता येतात. दात काढले असतील तर टाके विरघळेपर्यंत, साधारण दोन आठवडे, कडक काहीच नाही. मग पुन्हा तपासणी होईल, जखम भरल्याचं डॉक्टर सांगतील, आणि त्यानंतर ब्रश आणि भाजलेला तुकडा दोन्ही एकाच दिवशी सुरू करा.